चौथा हिस्सा

धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखापासून फार लांब नाही अशा एका गावात एक घर आहे असं धरून चला. तीन एकर धानाच्या बांध्या, एक बैलजोडी, परसात मोहाचं जुनं झाड. घरात माणसं सहा: आजी, बाबा, आई, थोरला मुलगा, त्याच्या पाठची मुलगी आणि आठवीतला धाकटा. थोरला गडचिरोलीच्या एका पतसंस्थेत कंत्राटी कारकून. रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करायचा. पगार 18,000 रुपये. मुलगी धानोऱ्यात दाखले आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात बसायची. तिला 9,000 मिळत.

थोरल्याला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. पहिल्या पगारात त्यानं आजीला लुगडं, आईला साडी आणि बाबांना चपला आणल्या. त्यानंतर घरखर्चाला त्यानं पैसे दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. पोरगा वाईट नव्हता. गाडीचा हप्ता, पेट्रोल, मोबाइल, मित्रांच्या लग्नातले आहेर हे सगळं पगारातून जायचं आणि उरलेलं तो निगुतीनं खात्यावर टाकायचा. दिवाळीला मिठाईचा पुडा न चुकता आणायचा. बाबा चारचौघांत सांगायचे, "पोट्ट्याच्या पैशाले मी हात नाही लावत." ऐकणारे माना डोलवायचे. बापाचा हा बाणा आपल्याकडे मोठा मानतात.

मुलीचं मात्र वेगळंच चाललं होतं. गॅसचा सिलिंडर संपला की तीच नोंदवायची आणि पैसेही तीच भरायची. विजेचं बिल तिच्या मोबाइलवरून जायचं. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या धानोऱ्याहून तीच आणायची. आईला हे माहीत होतं, पण आई ते कुणाला कळू देत नसे. "पोरीच्या पैशावर घर चालवतेत" असं गावानं म्हणू नये, एवढीच तिची धास्ती. म्हणजे देणारीला आपलं देणं लपवावं लागत होतं आणि न देणाऱ्याचं कौतुक होत होतं. अशी घरं मराठी मुलखात गावोगावी सापडतील, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही सापडतील.

डिसेंबर 2024 मध्ये धान निघाला. खायला, बियाण्याला आणि बलुत्या-मजुरीला लागणारा कोठीत टाकून वीस क्विंटल विकायला उरला. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान नेला तर तो भाव मिळणार होता, पण तिथं नंबर लावावा लागतो आणि पैसे मागाहून खात्यावर येतात. बाबांना तेवढा धीर नव्हता. खतवाल्याची उधारी थकली होती, मळणीयंत्राचं भाडं द्यायचं होतं, कापणीच्या बायांची मजुरी राहिली होती. दारात व्यापाऱ्याची गाडी आली. त्यानं 1,900 चा भाव सांगितला. बाबांनी पोती मोजून दिली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांची देणी फेडून टाकली.

थोरला रात्री घरी आला, ओसरीवरची पोती दिसली नाहीत म्हणून त्यानं विचारलं आणि भाव ऐकून त्याचं डोकं फिरलं. दिवसभर व्याजाचे आकडे मांडणारा पोरगा तो.

"बाबा, क्विंटलमागं 400 गेले. वीस क्विंटलचे 8,000 झाले! माह्या खात्यात पैसे नुसते पडून आहेत. महिनाभर उधारी मी भरली असती. मले काहून नाही इचारलं?"

बाबा खाली मान घालून जेवत राहिले. बोलली ती आजी.

"पाहुण्याले कोण इचारते, बेटा? पाहुण्याले पाट देतेत, ताट वाढतेत. घरची उधारी पाहुण्याम्होरं काढत नाहीत."

थोरला ताटावरून उठला नाही, पण घास त्याच्या घशाखाली उतरेना. या घरात जन्मलो, वाढलो आणि आजी मला पाहुणा म्हणते? रात्री बाजेवर पडल्या पडल्या त्यानं आपल्याच तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहिला. कोठीत तांदूळ किती शिल्लक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. खतवाल्याची उधारी किती ते ठाऊक नव्हतं. आजी कोणती गोळी घेते, हेही सांगता आलं नसतं. उठल्यावर चहा, निघताना डबा आणि आल्यावर गरम भात, एवढंच घर त्याच्या वाट्याला आलं होतं. तेवढंच त्यानं घेतलंही होतं.

पुढच्या पगाराला त्यानं 5,000 रुपये आईसमोर ठेवले. "गडचिरोलीत खोली केली असती तर 2,000 भाडं लागलं असतं. मेसचे 3,000. तेवढे घे."

आईनं पैशांना हात लावला नाही. "म्या काय खानावळ चालवतो?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडं वळली. बाबा चिडले. "पोराकडून जेवणाचे पैसे घेऊ मी?" पण थोरला हट्टाला पेटला होता. पैसे फळीवरच्या डब्यात ठेवून तो निघून गेला.

महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात आठवड्यात तिसऱ्यांदा लाखोळीच्या डाळीचं वरण ताटात आलं तेव्हा तो सहज बोलून गेला, "मेसमध्ये भाजी तरी बदलते. आता तर मी पैसे देतो न."

भात वाढता वाढता आईचा हात थांबला. पहाटे पाच वाजता उठून त्याचा डबा भरणारी ती बाई. मुलगी भावाकडं नुसती बघत राहिली. आपण काय बोललो ते थोरल्याच्याही लक्षात आलं, पण शब्द तर बाहेर पडला होता.

यात त्या पोराचा स्वभाव आडवा आला असं मी म्हणणार नाही. दोष पैसे ज्या नावानं दिले त्या नावाचा होता. गिरणगावातला कोकणी आणि घाटावरचा गिरणी कामगार महिन्याला दोन तऱ्हेचे पैसे द्यायचा. एक खानावळवाल्या बाईला आणि दुसरे मनिऑर्डरनं गावी. खानावळीत डाळ पातळ झाली तर तो बोलायचा, तो त्याचा हक्कच होता. या खानावळवाल्या बायांच्या कष्टांना मोल मिळावं म्हणून 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच व्यवहारातून. पण गावी मनिऑर्डर धाडल्यावर आई काय शिजवते, असं विचारायची त्याची छाती नव्हती आणि तसं त्याच्या मनातही येत नसे. तो पैसा घर उभं ठेवायला होता. तिकडं इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत राबणारी पोरंसुद्धा पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातावर ठेवायची आणि आई त्यातून चार नाणी त्यांना खर्चाला परत द्यायची.  थोरल्यानं घरात पैसे आणले खरे, पण खानावळीच्या खात्यावर. त्या खात्यावर पैसे भरणारा गिऱ्हाईकच होतो.

आजीनं दोन दिवस जाऊ दिले. रविवारी सगळे घरी असताना तिनं ओसरीवर सतरंजी टाकायला सांगितली.

आजीचं माहेर मेंढ्याच्या शिवेला लागून. मेंढ्याची कीर्ती देशभर आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्यामागं घेतली जातात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेनं स्वतः द्यायचा, हा अधिकार सोपवायला एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले. पण आजीच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. तिला आठवत होती ती तिथली सभा. तिथं बाया बसतात आणि बोलतात. मतं मोजत नाहीत; सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहतात. आणि गावात मिळालेल्या मजुरीतला दहावा हिस्सा जो तो ग्रामकोशात टाकतो. विनोबांनी ग्रामदानात हेच सांगितलं होतं: शेतकऱ्यानं पिकाचा चाळिसावा भाग द्यावा, नोकरदारानं महिन्यातून एका दिवसाचा पगार, मजुरानं एका दिवसाची मजुरी. ज्याला जेवढं मिळतं त्याचा वाटा. मेंढ्यानं 2013 मध्ये ग्रामदानाचीही वाट धरली.

"गावाचं चालते तसं घराचं काहून नाही चालत?" आजी म्हणाली. "पयले हिशेब मांडा. मंग कोण किती देते ते पाहू."

धाकट्याच्या शाळेची एक अर्धी कोरी वही होती. त्यालाच लिहायला बसवलं. महिन्याला तांदूळ 75 किलो. "तो तर आपलाच," थोरला म्हणाला. "तुह्या बाबानं चिखलात उभं राहून पिकवला तो. बाजारात काय भाव आहे ते लिही," आजीनं बजावलं. 3,000 रुपये. तेल, डाळ, मीठ, मिरची, चहा, साखर, आठवडी बाजार मिळून 3,500. गॅस 900. वीज 600. गोळ्या 400. धाकट्याची फी आणि ऑटो 1,200. बियाणं, खत, मळणी, बैलांचा चारा यांचा वर्षाचा खर्च बारानं भागून 4,000. बेरीज 13,600 झाली. घरावरची कवेलू फेरायची राहिली होती, ती यात धरलीच नव्हती.

गॅस, वीज आणि गोळ्यांपुढं "कोण देते?" असं धाकट्यानं विचारलं तेव्हा आई गप्प झाली. मुलगीच म्हणाली, "मी." बाबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. लिहायचं की नाही यावर थोडा वेळ गेला. आजीनं लिहायला लावलं.

मग आईच्या कमाईचा विषय निघाला. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे उठून मोह वेचायचा, वाळवायचा, विकायचा. मे महिन्यात तेंदू. पहाटे अंधारात निघायचं, वाघाच्या भीतीनं दहा-बारा बायांच्या टोळीनं राहायचं, पानं तोडून डोक्यावर ओझं घरी आणायचं, मग दुपारभर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. ग्रामसभेनं पैसे दिले की ते किराण्यात जायचे. आजवर हिशेबात त्यांचं नाव नव्हतं. वहीत ते आईच्या नावापुढं लिहिले गेले आणि आई उगाच उठून पाणी आणायला गेली.

सगळं कागदावर आल्यावर ठरलं ते असं. ज्याला जी कमाई होईल तिचा चौथा हिस्सा त्यानं घरात टाकायचा. थोरल्याचे 4,500, मुलीचे 2,250. मोह-तेंदूच्या दिवसांत आईनंही चौथाच हिस्सा टाकायचा आणि बाकी तिचं तिनं ठेवायचं. शेतीचं उत्पन्न शेतीला आणि घराला, ते बाबांनी पाहायचं. वहीत सगळ्यांनी बघायचं. 5,000 च्या जागी 4,500 आले म्हणून थोरला थोडा चकित झाला. आकडा लहान झाला होता आणि जबाबदारी वाढली होती.

बाबा अजून राजी नव्हते. शेवटी म्हणाले, "बरं, देऊ दे त्याले. म्या ते पैसे त्याच्या नावानं बँकेत टाकतो. लग्नात परत देतो."

पुष्कळ चांगले आईबाप असं करतात आणि लोक त्यांची वाहवा करतात. आजीला मात्र ते पटलं नाही.

"मंग त्यानं देल्ला कोठं? ठेवाले दिला म्हण. त्याच्या पैशानं गोळ्या येऊ दे, कवेलू येऊ दे. आपल्या पैशाचं कवेलू पावसात वर दिसलं म्हणजे त्याले घर दिसन."

मला आजीचं म्हणणं बरोबर वाटतं. लेकराचा पैसा परत करायच्या बोलीनं घेतला तर लेकरू अजून लहानच आहे, असं आपण त्याला सांगत असतो. त्याच्यावाचून घराचं काही अडत नाही, हेही सांगत असतो. दोन्ही खरं नसतं. बाबांच्या बाण्यामुळं ते 8,000 गेले होते.

एप्रिलमध्ये पतसंस्थेनं कंत्राट वाढवलं नाही. थोरला घरी बसला. पहिल्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. महिनाअखेरीस वहीत त्याच्या नावापुढं धाकट्यानं शून्य लिहिलं आणि भात नेहमीएवढाच वाढला गेला. शून्याचा चौथा हिस्सा शून्य. मेसचा दर ठरला असता तर त्या महिन्यात 5,000 ची उधारी चढली असती, आपल्याच आईच्या घरात.

मे लागला. थोरला आईबरोबर तेंदूला गेला. पदवीधर पोरगा पानं तोडतो म्हणून गावात दोघं-तिघं बोलले. दुपारी ओसरीवर आईसमोर बसून तो पुडे बांधायला शिकला. त्याचा पुडा सैल व्हायचा, आईचा कसलेला. तिचे चार होईतो त्याचा एक. फळीवर मोजणाऱ्यानं त्याचे दोन पुडे बाजूला काढले, ते त्यानं रात्री पुन्हा बांधले. पैसे आल्यावर त्यातला चौथा हिस्सा त्यानं स्वतःहून डब्यात टाकला आणि वहीत लिहायला लावला. जुलैत त्याला धानोऱ्यात दुसरं काम लागलं, पगार थोडा कमी. चौथा हिस्साही कमी झाला आणि कुणी काही म्हटलं नाही.

पुढच्या हंगामात धान निघाल्यावर सगळे बसले. महामंडळाच्या केंद्रावर न्यायचा ठरला. पैसे येईतो खतवाल्याची उधारी थोरल्यानं आणि मुलीनं मिळून भागवली आणि धानाचे पैसे आल्यावर परत घेतली. तेही वहीत आहे.

एक गोष्ट तेवढी त्या घरात अजून सुटलेली नाही. मुलीला स्थळं येताहेत. तिनं एकदा विचारलं, "लग्न झाल्यावर माहं नाव वहीत राहीन का?" बाबा म्हणाले, "पाहू." आईचं मन धास्तावलं: तिच्या 2,250 साठी घर तिचं लग्न लांबवतंय, असं कुणी म्हणू नये. आईची भीती खोटी नाही. मिळवत्या मुलीच्या पगारावर सवयीनं टेकणारी आणि म्हणून तिचं लग्न पुढं ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणूनच हिस्स्याला वरची मर्यादाही हवी. चौथा म्हणजे चौथा, त्याच्या पुढं आईबापांनी हात पसरू नये. उरलेल्या तीन हिश्शांतून मुलांनी स्वतःचं घर उभारायचं असतं, शिकायचं असतं, क्वचित चुकायचंही असतं.

ज्यांचं घर मोडलंय त्यांच्यासाठी कायदा आहे. 2007 च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. पण तिथवर जायची पाळी येऊ नये म्हणून जे करायचं ते मुलं तिशीच्या आत आणि आईबाप धडधाकट असतानाच करावं लागतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात मिळवतं पोर असेल आणि ते तुमच्याच ताटात जेवत असेल, तर त्याच्याकडून हिस्सा जरूर घ्या. बाण्यापायी टाळू नका. गरज नसली तरी घ्या आणि घरातच खर्चा. मात्र मागण्याआधी घराचा सगळा हिशेब त्याच्यासमोर मांडा, अगदी लाजेची उधारीसुद्धा. आईच्या कष्टांची रक्कम त्यात लिहा. आणि मुलगी देत असेल तर तिचं नाव आजपासून मोठ्यानं घ्या, तिच्या लग्नानंतरही खोडू नका.